अण्णांच्या गाडीचा अप्पर-डिपर

मंडळी, या सदरात लिहिणारा प्रत्येक जण पहिल्याच ओळीत सांगतो की माझा असल्या भुताटकीच्या गोष्टींवर विश्वास नाही. माझाही नाही. पण माझी अडचण जरा वेगळी आहे... माझा स्वतःच्या हातच्या दुरुस्तीवरही विश्वास नाही. मी उघडलेलं घड्याळ, मिक्सर, एकदा तर साधी छत्रीसुद्धा, परत पूर्वीसारखी झालेली नाही. तेव्हा पुढे जे सांगतोय त्यात अमानवीय किती आणि माझा अडाणीपणा किती, ते तुम्हीच वेगळं काढा. मला जमलेलं नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी कोलकात्याला आलो, सॉल्ट लेकमध्ये आयटीत आहे, राहतो बेहालाला. बायको मीनल मात्र पक्की इथली. तिचे वडील, आमचे अण्णा, जन्मापासून बागबाजारात. शाळेत गणित शिकवायचे. मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला इंग्रजांच्या काळात जो खंदक खणला तो बागबाजारापासूनच सुरू व्हायचा, आणि अण्णांचं घराणं बरोबर तिथेच चार पिढ्या भाड्यानं राहतंय. "खंदक अर्धवट राहिला, म्हणून आम्ही आत आलो," असं ते प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. पाहुणा हसला नाही तर परत सांगतात.

त्यांची एक जुनी मोटरसायकल आहे. दोन-स्ट्रोक, मूळची परदेशी बनावटीची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली प्रतिक्रियांत निम्मे लोक गाडीवरच भांडत बसतात. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून ती जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. इंजिन थोड्या खटपटीनं चालू व्हायचं. पण डाव्या हँडलवरचा स्विच, ज्यात हॉर्नचं बटण आणि हेडलाईटचा अप्पर-डिपर एकत्र असतो, तो आतून पार गेला होता. त्यामुळे दिवाच लागायचा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अण्णांना काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्यात नळीतून पाहावं तेवढंच उरलेलं, आणि संध्याकाळ झाली की तेही विझल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं प्रेशर औषधांना ऐकत नाहीये, ऑपरेशन करावंच लागेल. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून करायचं. आणि इतक्या पुढे गेलेल्या केसमध्ये, अगदी क्वचित, उरलेलीही जाते... हे त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. अण्णा आतून म्हणाले, "मला ऐकू येतं, डॉक्टर."

घरी आल्यावर त्यांनी काही मागितलं नाही. दोन दिवसांनी मला म्हणाले, "जावईबापू, ऑपरेशनच्या आधी एकदा मला गाडीवर मागे बसवून नदीच्या घाटापर्यंत न्याल का? संध्याकाळी. आपल्या गाडीच्या दिव्यात."

मी म्हटलं, टॅक्सीनं जाऊ की, आत्ता जाऊ.

"टॅक्सीच्या दिव्यात काय बघायचं. आमचा दिवा पिवळा आहे. त्यात रस्ता वेगळा दिसतो."

बास. मी शब्द देऊन बसलो, आणि स्विच शोधायला निघालो.

पहिला स्विच ऑनलाईन मागवला. फोटोत बरोब्बर तसाच. आला तो चकचकीत प्लास्टिकचा. अण्णांनी हातात घेऊन नुसता अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "हा तुमच्या मिक्सरला लावा." दुसरा एका ओळखीच्या माणसाकडून आणला, तो हँडलवर बसेना, बसवण्यासाठी मी तो ठोकला, त्याचे दोन झाले.

मग मल्लिक बाजार गाठला. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याची ती जागा. नमुना म्हणून आमचा मोडका स्विच बरोबर घेतला होता. एका दुकानदारानं काउंटरवर अख्खी पाटी उपडी केली, गंजलेले, तुटलेले, वायरींच्या शेपट्या लोंबणारे असंख्य स्विच, आणि म्हणाला, शोधा. मी घामाघूम होऊन उकरत बसलो आणि शेवटी मला सापडला. हुबेहूब. आनंदानं घासाघीस केली, पैसे दिले, बसनं घरी आलो. आमचा जुना कुठे राहिला कोण जाणे, पण आता त्याची गरजच काय?

मीनलनं तो हातात घेतला, उलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिली. तळाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. अण्णा डिपर कुठल्या बाजूला ते नेहमी विसरायचे, म्हणून माईंनी लावलेला. मी आमचाच मोडका स्विच ढिगात ठेवून, ढिगातून शोधून, विकत घेऊन आलो होतो. अण्णा त्या दिवशी इतके हसले की मीनलला वाटलं त्यांना ठसका लागला. मी हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतोय, कारण इथे मी टोपणनावानं आहे.

तर आता तोच स्विच दुरुस्त करायचा. बेहालात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोंटूदा म्हणून मेकॅनिक आहे. वयानं माझ्याएवढाच, पण मी मराठी म्हणून मला 'बर्गी' म्हणतो. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले आमचे घोडेस्वार. मी दुकानात शिरलो की हा गल्ला झाकून धरायचं नाटक करतो. त्यानं स्विच उघडला. आतली पितळी पट्टी, जी इकडून तिकडे सरकून कधी अप्परला तर कधी डिपरला करंट देते, ती झिजून तुटली होती. मोंटूदा म्हणाला, नवी कापून देतो. दिलीही. स्प्रिंगही दुसऱ्या कशाची तरी बसवली. पण पूर्ण जोडायच्या आधी आली विश्वकर्मा पूजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे त्या दिवशी सगळी यंत्रं सुट्टीवर. हावड्याच्या कारखान्यापासून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत सगळे अवजारं धुऊन, शेंदूर लावून देवापुढे मांडतात. स्क्रू-ड्रायव्हरलाही कुणी हात लावत नाही. लोक पतंग उडवतात आणि जेवतात. आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णांना हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं.

मी पूजेच्या दिवशी सकाळीच मोंटूदाकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. डोळे, ऑपरेशन, घाट. त्यानं नीट ऐकून घेतलं. त्याला वाईटही वाटलं. पण म्हणाला, "आज जोंत्रे हात देबो ना, दादा." आज यंत्राला हात लावणार नाही. आणि तूही लावू नकोस.

मी म्हटलं, बरं, निदान सामान तरी दे, घरी सुरक्षित ठेवतो. त्यानं माझ्याकडे संशयानं बघत कागदाची पुडी दिली, वर प्रसादाचा द्रोणही दिला.

आणि इथे माझं डोकं चाललं. मी विचार केला, आपण मराठी. आपली शस्त्रपूजा खंडेनवमीला, गाडीला झेंडूची माळ दसऱ्याला. आजचा नियम बंगाल्यांचा. आपल्याला आज तर साधा वारच आहे! महाराष्ट्रात या क्षणी हजारो मेकॅनिक पान्हे चालवत असतील. हे मी मीनलला इतक्या ठासून सांगितलं की मलाही पटलं. ती एवढंच म्हणाली, "आमच्या घरी दोन्ही पाळतात." मी म्हटलं, म्हणून तुमच्या घरी काही वेळेवर होत नाही.

दुपारी बागबाजारात जिन्याखाली बसलो. डब्याचं झाकण घेतलं, त्यात सगळे भाग ओतले, फोनवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस इंग्रज होता, त्याची गाडी वेगळी होती आणि त्याचे हात स्वच्छ होते. स्प्रिंग दोनदा उडाली. एकदा ती अण्णांच्या चपलेत सापडली. शेवटी स्विच बंद झाला, हँडलवर बसला, वायरी जोडल्या. हॉर्नचं बटण दाबलं आणि म्हशीला उचकी लागावी तसा आवाज आला. वरून अण्णा ओरडले, "शाब्बास!" बाहेर रखरखीत ऊन. हेडलाईटपुढे हात धरून बघितला, वाटलं, लागलाय. वाटलं म्हणजे... मला तसं वाटून घ्यायचं होतं.

अंधार पडू लागला तसे आम्ही निघालो. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हेल्मेटचा पट्टा मीनलनं बांधला. मागे बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी किक मारली, दिव्याचं बटण फिरवलं, गाडी बाहेर काढली.

समोर भिंत होती. भिंतीवर काही नाही. मी अप्पर केलं, डिपर केलं. काही नाही. दिवा लागलेलाच नव्हता.

थांबायचं, मागे वळायचं, सांगायचं, अण्णा, माफ करा, उद्या सकाळी हॉस्पिटल, आणि तुमच्या जावयाला एक दिवा लावता आला नाही. मी तोंड उघडलं आणि मागून अण्णा म्हणाले,

"आला... वा. आला रे आला."

मला वाटलं, बिचाऱ्यांना रस्त्यावरचा दिवा दिसतोय आणि तो आपलाच वाटतोय. असू दे. रस्त्यावर उजेड आहे तोवर हळूहळू नेऊ आणि आणू. फसवणूक होती, पण त्या क्षणी मला ती फार चांगली फसवणूक वाटली.

अण्णा बोलत होते. ती बघा औषधवाल्याची पाटी, रंग बदलला वाटतं. तो बघा रॉकेलचा जुना डेपो, शटर केवढं गंजलंय. मी हो हो करत होतो. लाउडस्पीकर चालू होते, रिक्षा स्टँडवर विश्वकर्म्याची मूर्ती होती, गच्च्यांवरून पतंग कापल्याची शेवटची आरडाओरड येत होती. त्यामुळे माझं फार लक्ष नव्हतं. पण शटरचा गंज? ज्यांना चहाचा कप चाचपून घ्यावा लागतो त्यांना?

मग घाटाकडे जाणारी गल्ली आली. तिथला रस्त्याचा दिवा बंद होता. मला समोर नुसतं काळं दिसत होतं, कुठेतरी पुढे नदीच्या बाजूचा थोडा उजेड. मी पहिल्या गियरमध्ये आलो, पाय जमिनीला घासत.

"घाबरता कशाला, एवढं लख्ख तर दिसतंय," अण्णा म्हणाले. "डावीकडे घ्या, खड्डा आहे. अजून डावीकडे. हां. आता सरळ. कुत्रं झोपलंय, हॉर्न द्या."

ते म्हणतील तसा मी वळलो. मागचं चाक खड्ड्याच्या कडेवरून गेलं ते मला जाणवलं. हॉर्न दिला, आणि अगदी माझ्या पायाजवळून काहीतरी कुरकुरत उठून बाजूला झालं. मला ते दिसलं नाही. मंडळी, मला खरंच काही दिसत नव्हतं. सत्तरी ओलांडलेला, जवळपास आंधळा माणूस मागे बसून मला रस्ता सांगत होता आणि मी, दोन्ही डोळे शाबूत, त्याच्या आवाजावर गाडी चालवत होतो.

"वर बघा," ते म्हणाले. "तारेवर पतंग अडकलाय. अर्धा काळा, अर्धा पांढरा. शेपटी फाटलीय." आणि लगेच, जरा रागानं, "अहो डिपर करा, समोरून बाई येताहेत. डोळ्यांवर हात धरलाय त्यांनी."

मी डोळे फाडून बघितलं. समोरून एक आकृती येत होती. जवळ आली तेव्हा दिसलं, म्हातारी बाई, पांढरी साडी, एका हातात बादली, आणि दुसरा हात खरंच डोळ्यांवर आडवा. माझ्या विझलेल्या दिव्यापुढे.

ती म्हणाली, "आलोटा नामाओ ना बाबा, चोखे लागछे." उजेड खाली कर रे बाबा, डोळ्यांत जातोय.

माझा अंगठा आपोआप स्विचवर गेला. दांडी अगदी सैल होती, आत काहीच नसल्यासारखी. ती मी डिपरच्या बाजूला ढकलली.

बाईंनी हात खाली घेतला. "हां," म्हणाल्या आणि आमच्या बाजूनं निघून गेल्या.

"आता कसं," अण्णा म्हणाले.

घाटाआधीचे रेल्वेचे रूळ मी कसे ओलांडले, गाडी कशी लावली, आठवत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात पडले होते. मला दिसत होते, अण्णांना दिसत होते की नाही, मी विचारलं नाही. मग ते म्हणाले, "उद्या काहीही झालं तरी मीनलला सांगा, माझं बघून झालंय. तिला वाटतं मी घाबरलोय."

"घाबरला नाहीत?"

"घाबरलोय की. पण बघूनही झालंय."

परत येताना मी मोठ्या रस्त्यानं आणलं. घरी पोचल्यावर पहिली गोष्ट, हेडलाईटच्या काचेवर तळहात ठेवला. थंडगार. मीनल जिन्याखालचा पसारा आवरत होती. डब्याचं झाकण पुढे करून म्हणाली, "हे काय राहिलंय?"

झाकणात मोंटूदानं कापलेली नवी पितळी पट्टी पडली होती.

माझ्याकडून भाग उरणं ही नवी गोष्ट नाही, उरतातच. पण ती पट्टी नसेल तर करंट बल्बपर्यंत पोचायला रस्ताच नाही. अप्परलाही नाही, डिपरलाही नाही. मी मीनलला सगळं सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. म्हणाली, "आज अण्णांना काही बोलू नकोस." वर अण्णा कुणालातरी फोनवर रस्त्याचं वर्णन सांगत होते.

सकाळी टॅक्सी बोलवायच्या निमित्तानं मी त्या गल्लीत जाऊन आलो. खड्डा होता. तारेवर पतंग होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा, शेपटी फाटलेली. घरातून ती गल्ली दिसत नाही, आणि अण्णा कित्येक आठवडे एकटे खाली उतरलेले नव्हते.

ऑपरेशन झालं. प्रेशर उतरलं, डॉक्टरांचा हात चांगला होता, त्यांचं काहीच चुकलं नाही. पण ते क्वचित होणारं जे होतं, ते झालं. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर अण्णांनी बराच वेळ मान इकडेतिकडे फिरवली आणि मग मीनलचा हात शोधला.

काही दिवसांनी मी मोंटूदाला बागबाजारात घेऊन आलो. त्यानं स्विच उघडला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला की बर्गी लोक लुटून नेतात हे ऐकलं होतं, स्वतःच्याच गाडीतलं लुटतात हे माहीत नव्हतं. मग मी त्याला त्या संध्याकाळचं सांगितलं. तो हसायचा थांबला. कुठल्या दिवशी, असं त्यानं मला दोनदा विचारलं. पट्टी बसवून झाल्यावर हात पुसून त्यानं आधी गाडीला नमस्कार केला आणि मला म्हणाला, तूही कर. मी केला. आता दिवा लागतो. पिवळाच आहे. बरा आहे.

ऑफिसातल्या मित्रांनी कारणं दिली. वायरी एकमेकींना चिकटल्या असतील. मग मला का नाही दिसला? तू टेन्शनमध्ये होतास. आणि ती बाई? तिची ती सवय असेल. पतंग? त्यावर सगळे म्हणतात, योगायोग. असेल. त्या बाईंना मी नंतर त्या गल्लीत दोनदा शोधलं, भेटल्या नाहीत. पण तशा बादली घेऊन जाणाऱ्या बायका तिथे पुष्कळ, त्यात गूढ काही नाही. गूढ आहे ते एवढंच, की त्या गल्लीत आम्ही तिघं होतो, त्यांतल्या दोघांना दिवा दिसला. ज्यानं तो दुरुस्त केला होता त्याला नाही.

अण्णांना मी शेवटी खरं सांगितलं. भीत भीतच. मला वाटलं, त्यांच्याकडचं ते शेवटचं बघणं मी काढून घेतोय.

ते म्हणाले, "म्हणजे मला मागे बसवून तुम्ही अंधारात गाडी चालवत होता? लाज नाही वाटली?" मग हसले. आणि फार हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"नाही अण्णा."

"अरेरे."

ते माझ्यासाठी होतं. आणि पुढचं त्यांनी पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत सांगितलं. "मग बस इथे. सांगतो. आपण दारातून बाहेर पडलो, तेव्हा तो उजेड आधी समोरच्या भिंतीवर पडला. भिंत ओली होती. तिच्यावर शेवाळ आलंय, माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं.

आता शनिवारी मी जातो. ते खुर्चीत बसतात, मी खाली सतरंजीवर. घाई करत नाहीत. शाळेत शिकवायचे तसं, एकेक पाटी, एकेक खिडकी. मध्येच मी काही विचारलं की थांबतात, आठवतात, नीट बघून सांगतात. परवा सांगता सांगता आम्ही घाटाच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो होतो. त्यांनी हात वर केला, म्हणाले, "आता जरा सावकाश." आणि मी खरंच सावकाश झालो.